दररोज एक वीट



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक तिसऱ्यांदा उठवली गेली. आम्ही ज्या खोलीत बसतो ती आमची नाही. कधी तिथे कुणाची पोती ठेवायची असतात, कधी कुणी साहेब येणार असतात, कधी चावी ज्यांच्याकडे असते तेच परगावी गेलेले असतात. त्या दिवशी रजिस्टरं, शिक्का आणि पैशांची पेटी घेऊन आम्ही सगळ्या जणी पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो. पारावर बसून कर्जाचं बोलणं कसं व्हायचं? येणारा-जाणारा थांबून ऐकत होता. जिला दवाखान्यासाठी पैसे हवे होते ती तोंडच उघडेना.

घरी परतताना कुणीतरी म्हणालं, आपली स्वतःची एक खोली बांधूया. त्यावर आमच्यातल्या एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या बायका आपण. आपल्या पैशांनी एक भिंत तरी उभी राहील का गं? निधी येईल तेव्हा बघू."

मावशींचं अगदीच चूक नव्हतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्हाला एका इमारतीची गोष्ट सापडली. ही इमारत फार लांब आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी, तिथल्या रिप्ली रस्त्यावर. ते एक चर्च आहे, बाप्टिस्ट पंथाचं. नाव आहे फर्स्ट बाप्टिस्ट चर्च. पण गावातले लोक त्याला 'दररोज एक वीट' चर्च म्हणतात. हे नाव कसं पडलं, ते आज सांगतो.

आधी तिथला काळ समजून घेऊ. मॉन्टगोमेरी हे कापसाच्या मुलखातलं शहर, अलाबामा नदीच्या काठावरचं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखंच तिथेही पांढरं सोनं पिकायचं. फरक एवढाच की ते वेचणारे हात विकत घेतलेले होते. १८६० च्या जनगणनेत अलाबामात सुमारे ९ लाख ६४ हजार माणसं मोजली गेली, आणि त्यातली सुमारे ४ लाख ३५ हजार गुलाम होती. म्हणजे जवळजवळ निम्मी. मॉन्टगोमेरीत माणसांचा बाजार भरायचा. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता; शिकवणाऱ्याला दंड करणारा कायदा त्या राज्यात १८३२ सालीच झाला होता. आई एका मालकाकडे आणि लेकरू दुसऱ्याकडे, असं सर्रास घडायचं.

रविवारी या गुलामांना चर्चमध्ये नेलं जायचं. चर्च गोऱ्यांचं, पाळकही गोरे. काळ्या माणसांनी वेगळं बसायचं, मागे किंवा वरच्या सज्जात. उपदेश ऐकायचा, पण मंडळीच्या कारभारात तोंड उघडायचं नाही. मॉन्टगोमेरीच्या गोऱ्या बाप्टिस्ट चर्चमध्ये असेच शेकडो काळे सभासद होते. नाव पटावर, पण जागा सज्जात.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं हरली, आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. त्या घटनेची दखल आपल्याकडे कुणी घेतली, ठाऊक आहे? जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामात स्वतःला झोकून दिलं होतं. पुण्यात बसून त्यांना तिकडची वेदना ओळखीची वाटली.

पण कायद्याने सुटका झाली म्हणजे माणूस लगेच मोकळा होतो असं नाही. हातात जमीन नाही, घर नाही, अक्षर नाही. अशा वेळी मॉन्टगोमेरीतल्या या सुटलेल्या माणसांनी पहिलं मोठं काम कोणतं केलं असेल? १८६७ साली ते त्या सज्जातून उठले आणि बाहेर पडले. सातशेच्या आसपास माणसं होती. त्यांनी कोलंबस आणि रिप्ली या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आपली वेगळी मंडळी उभी केली. त्यांचे पहिले पाळक होते नेथन ॲशबी, स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, अलाबामातल्या काळ्या बाप्टिस्ट मंडळींनी मिळून आपला संघ काढला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षही ॲशबीच झाले.

इथे बाप्टिस्ट म्हणजे काय तेही थोडक्यात सांगतो, कारण आमच्या मते गोष्टीची किल्ली त्यात आहे. या पंथात बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला देत नाहीत. माणूस कळता झाला, त्याने स्वतःहून विश्वास ठेवला, की मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. वरून कुणी धर्मगुरू नेमून पाठवत नाही. पाळक कोण असावा, पैसा कशावर खर्च करावा, हे सभासद बैठकीत ठरवतात. ज्यांना आयुष्यात कधी काही ठरवू दिलं गेलं नव्हतं, त्यांना हे केवढं वाटलं असेल! राज्याचं मतदान पुढे त्यांच्यापासून पुन्हा हिरावून घेतलं गेलं, पण चर्चमधलं त्यांचं मत कुणाला काढून घेता आलं नाही. आपल्याही कितीतरी जणींनी आयुष्यातला पहिला ठराव गटाच्याच रजिस्टरवर सही करून केला ना? तसंच काहीसं.

मंडळी वाढत गेली, शेकड्यांची हजारांवर गेली. २४ नोव्हेंबर १८८० रोजी निरनिराळ्या राज्यांतले काळे बाप्टिस्ट प्रतिनिधी याच चर्चमध्ये जमले आणि त्यांनी परदेशात काम करण्यासाठी आपली संस्था काढली. १८९५ मध्ये अटलांटा शहरात काळ्या बाप्टिस्टांचा जो देशव्यापी महासंघ झाला, त्याच्या मुळाशी ही बैठक होती. सज्जात बसणाऱ्यांनी तेरा वर्षांत एवढी मजल मारली.

सगळं गोडीगुलाबीने चाललं असं मात्र नाही. १८७७ मध्ये मंडळी फुटली. शिकलेली, बरी ऐपत असलेली काही माणसं वेगळी झाली आणि त्यांनी दुसरी मंडळी काढली. सुरुवातीला ते जिथे जमले ती जागा एकेकाळी गुलामांचा व्यापार करणाऱ्याचा कोंडवाडा होती. विकण्याआधी माणसं जिथे कोंडून ठेवत, तिथे ही माणसं प्रार्थनेला बसली. १८७९ मध्ये त्यांनी २७० डॉलरला राज्याच्या विधानभवनाजवळच जागा घेतली. १८८३ ते १८८९ अशी सहा वर्षं बांधकाम चाललं. तेच पुढे डेक्स्टर ॲव्हेन्यू बाप्टिस्ट चर्च झालं. गट फुटला की आपल्याला वाईट वाटतं, आणि वाटायलाही हवं. पण इथे फुटून दोन्ही घरं उभी राहिली, आणि वेळ आली तेव्हा दोन्ही एकत्र आली. ते पुढे येईलच.

आता विटेची गोष्ट. रिप्ली रस्त्यावरच्या मंडळीचं पहिलं चर्च लाकडी होतं. ते आगीत गेलं. पाळक होते अँड्र्यू जॅक्सन स्टोक्स. मंडळी हजारांची, पण एकेकाची कमाई किती? कुणी मोलकरीण, कुणी धोबीण, कुणी हमाल, कुणी दुसऱ्याच्या शेतात अर्धलीने राबणारा. सावकारापुढे हात पसरला तर व्याजात मान अडकणार. स्टोक्स यांनी सभासदांना सांगितलं की प्रत्येकाने दररोज एक वीट आणा.

फक्त एक वीट. ती कुणालाही जड नाही. वीट आणायला श्रीमंत असावं लागत नाही, पुरुष असावं लागत नाही, शिकलेलं असावं लागत नाही. आज आणली, उद्या आणली, परवा आणली. १९१० ते १९१५ अशी पाच वर्षं बांधकाम चाललं. आराखडा होता वॉल्टर बेली यांचा. टस्कीगी इथे काळ्या मुलामुलींसाठी जी शिक्षणसंस्था होती तिथे ते शिकवायचे. म्हणजे नकाशा आपल्याच माणसाचा आणि विटाही आपल्याच. पाच वर्षांनी तिथे लाल विटांची भक्कम, उंच मनोऱ्याची इमारत उभी राहिली. ती आजही उभी आहे.

मैत्रिणींनो, आम्हाला हे कळलं तेव्हा आधी कौतुक वाटलं, मग एक शंका आली. एवढा जीव आटवून बांधलेली भिंत शेवटी उपयोगी कशाला पडली? रविवारच्या उपासनेलाच ना? तर नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षं पाहिली की उत्तर मिळतं.

१९५५ साल उजाडलं तरी मॉन्टगोमेरीत बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. गोरा माणूस उभा राहिला तर काळ्या बाईने उठायचं. बसमधल्या प्रवाशांत जवळजवळ तीन चतुर्थांश काळे होते, आणि त्यांत गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका पुष्कळ. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उठायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण त्या रात्री काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्या शहरात बायकांची एक राजकीय समिती होती. १९४६ मध्ये ती सुरू केली मेरी फेअर बर्क्स यांनी. त्यांच्यानंतर अध्यक्ष झाल्या जो ॲन रॉबिन्सन. दोघी कॉलेजात शिकवायच्या, आणि दोघी त्या डेक्स्टर चर्चच्या सभासद. बसमधल्या अपमानाबद्दल रॉबिन्सनबाईंनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहिलं होतं. रोझाबाईंच्या अटकेची बातमी कळताच त्या रात्री कॉलेजात गेल्या, आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांना घेऊन चक्रमुद्रण यंत्रावर रात्रभर पत्रकं काढत बसल्या. सकाळपर्यंत हजारो पत्रकं तयार होती. मजकूर साधा होता, सोमवारी बसमध्ये चढू नका एवढाच. पत्रकावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. कॉलेज सरकारी होतं, नोकरी जाण्याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गावातले पुढारी आणि पाळक एकत्र बसले ते डेक्स्टर चर्चच्या तळघरात. तिथले पाळक होते सव्वीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग, वर्षभरापूर्वीच आलेले. रिप्ली रस्त्यावरच्या चर्चचे पाळक होते राल्फ ॲबरनॅथी, १९५२ पासून. दोघे जिवलग मित्र. १८७७ मध्ये फुटलेली दोन घरं अशी पुन्हा एका कामाला लागली. सोमवारी बस रिकाम्या धावल्या. त्या रात्री होल्ट रस्त्यावरच्या तिसऱ्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये हजारो माणसं जमली आणि बहिष्कार चालूच ठेवायचं ठरलं. तो चालला ३८१ दिवस.

वर्षाहून जास्त काळ माणसं चालत कामाला गेली. ज्यांना चालणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी गाड्या ठेवल्या. काही मोठ्या गाड्या तर चर्चच्या नावावर घेतल्या. लोक त्यांना चाकांवरची चर्चं म्हणायचे. पेट्रोलचा, दुरुस्तीचा खर्च आठवड्याच्या आठवड्याला चर्चमधल्या सभांत गोळा व्हायचा. आता विचार करा, स्वतःची जागा नसती तर या सभा झाल्या कुठे असत्या? कोणत्या गोऱ्या मालकाने हॉल दिला असता? आणि दिला असता तर संध्याकाळी सहाला चावी परत मागितली नसती का?

पैशाचीही एक गोष्ट आहे, आणि ती ऐकून आमच्या गटातल्या बायका खूश झाल्या. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या बाई होत्या. स्वयंपाकीण, आणि सुईणीचंही काम करायच्या. बसमधल्या वागणुकीबद्दल त्यांनी कोर्टात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरीच चूल मांडली. आजूबाजूच्या बायकांना जोडून घेतलं. जेवणाची ताटं, केक, गोड पदार्थ करून विकायचे आणि पैसे बहिष्काराच्या निधीत द्यायचे. या मंडळाचं नाव काय ठेवलं? 'कुठूनच नाही मंडळ'. कारण यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. कळलं असतं तर काम गेलं असतं. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं, की उत्तर तयार, कुठूनच नाही! कुणी किती दिले ते फक्त जॉर्जियाबाईंना माहीत. पदार्थ घेणाऱ्यांत गोरेही असायचे. पुढे शहराच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनीही असंच मंडळ काढलं, आणि सभेत कुणाची रक्कम जास्त, अशी चुरस लागायची. विटेची युक्तीच पुन्हा चुलीवर आली म्हणायची.

मात्र एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. होल्ट रस्त्यावरच्या त्या पहिल्या मोठ्या सभेत रोझाबाईंना लोकांपुढे उभं केलं, पण भाषण त्यांनी केलं नाही. भाषणं पुरुषांनी केली. पाळक पुरुष, पुढारी पुरुष, फोटोत पुरुष. पत्रकं काढणारी, ताटं विकणारी, चालून चालून पाय सुजवणारी बाई पुष्कळ वर्षं इतिहासाच्या मागच्या बाकावर राहिली. जो ॲन रॉबिन्सन यांनी आपली हकिगत पुस्तकात लिहिली ती १९८७ मध्ये. म्हणून आम्ही म्हणतो, बैठकीच्या रजिस्टरमध्ये बोलणारीचं नाव लिहा. नाहीतर उद्या तेही कुठूनच नाही होतं.

डिसेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बसमधला भेद संपला. त्याची किंमत या इमारतींनी भरली. १० जानेवारी १९५७ च्या पहाटे शहरातल्या चार काळ्या बाप्टिस्ट चर्चवर बॉम्ब टाकले गेले. त्यांतलं एक रिप्ली रस्त्यावरचं. ॲबरनॅथींच्या घरावरही बॉम्ब पडला. विटा पुन्हा लागल्या, आणि पुन्हा रचल्या.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९५९ मध्ये, किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा भारतात आले. गांधीजींच्या देशात पाऊल ठेवायचं होतं म्हणून आले. मुंबईत ते गावदेवीच्या मणिभवनात राहिले. तेव्हा किंग अजूनही त्या डेक्स्टर चर्चचेच पाळक होते.

आणि मग ती रात्र आली. २१ मे १९६१. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये आणि बसस्थानकांवर भेद पाळला जाऊ नये, असा निकाल असूनही तो पाळला जात होता. ते दाखवून द्यायला गोरी-काळी तरुण मुलंमुली एकत्र बसने निघाली होती. आदल्या दिवशी मॉन्टगोमेरीच्या बसस्थानकावर जमावाने त्यांना काठ्यांनी, नळ्यांनी झोडपलं होतं. त्या मुलांच्या पाठीशी उभं राहायला संध्याकाळी सुमारे पंधराशे माणसं रिप्ली रस्त्यावरच्या चर्चमध्ये जमली. बायका, म्हातारी माणसं, लेकरं. बाहेर जमाव वाढत गेला, हजारोंचा झाला. गाड्या उलथवल्या, खिडक्यांवर दगड आले, अश्रुधूर आत शिरला. आत माणसं गाणी म्हणत, प्रार्थना करत बसून राहिली. किंग यांनी चर्चमधूनच केंद्रातले कायदामंत्री रॉबर्ट केनेडी यांना फोन लावला. केंद्राचे पोलीस आले, मग राज्यपालांनी लष्करी कायदा लावला आणि राज्याचे सैनिक आले. रात्रभर कुणाला बाहेर पडता आलं नाही. पहाटे माणसं सुखरूप घरी गेली.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसगाड्या आणि स्थानकं यांतला भेद बंद करणारा केंद्राचा नियम लागू झाला.

ज्या भिंतींनी त्या रात्री पंधराशे जीव सांभाळले, त्या पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी एकेक वीट आणून रचलेल्या होत्या. आणणाऱ्यांपैकी कितीतरी जण तोवर देवाघरी गेले असतील. आपली वीट कुणाच्या नातीच्या अंगावर येणारा दगड अडवणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण सज्जात बसून त्यांनी एक धडा घेतला होता. दुसऱ्याच्या छपराखाली बसायला मिळतं, पण आवाज खाली ठेवावा लागतो.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वीट आज कितीला पडते गं?" कुणालाच नक्की सांगता येईना. तेव्हा दोघी जणींवर भट्टीवर जाऊन भाव विचारून येण्याचं काम सोपवलं. जागेचं काय करायचं, सात-बारा कुणाचा, परवानगी कुठे मागायची, हे प्रश्न अजून आहेत. खोली बांधायचीच असा ठराव झालेला नाही. पण ठरावाच्या रजिस्टरमध्ये विषय क्रमांक चार म्हणून तो लिहिला आहे, आणि त्याच्यासमोर तो मांडणाऱ्या बाईचं नावही लिहिलं आहे.

तुमच्या गटाची बैठक कुठे होते? चावी कुणाकडे असते? एकदा आपसात बोलून बघा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा विटेचा भाव नक्की सांगू.